बापूकाकांचा पांढरा हत्ती

"मग बापूकाका, यंदा कुठे?" असं कुणी विचारलं की काका आधी आभाळाकडे बघतात, मग गाडीकडे आणि सगळ्यात शेवटी विचारणाऱ्याकडे. या तिसऱ्या नजरेत थोडी कीव असते. "आत्ताच वॅक्स केलंय रे," ते म्हणतात. एवढ्यावर समोरच्याने काय ते समजून घ्यावं. समोरचा नवखा असला आणि "म्हणजे?" म्हणाला, की काका आवाज खाली आणतात. "म्हणजे आत्ता वॅक्स केलंय, आणि आता रस्त्यावर काढू?"

ही रस्त्यावर न काढायची वस्तू म्हणजे त्यांची आरव्ही. पुढे फोर्डच्या ई-450 ट्रकचं तोंड, मागे चाकांवर चढवलेलं वन-बीएचके आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला झोपायचा माळा. आत शेगडी, फ्रिज, संडास, शॉवर, सगळं. लांबी 28 फूट. रंग पांढरा. या शेवटच्या दोन शब्दांत काकांच्या निवृत्तीनंतरच्या आयुष्याचा सगळा वृत्तान्त आला. काकू या गाडीला 'पांढरा हत्ती' म्हणतात. "दारात बांधायचा, न्हाऊ घालायचा, आणि माहूत कोण तर तुमचे काका."

बापूकाका माझे सख्खे काका नव्हेत. ह्यूस्टनच्या मराठी मंडळींत पासष्टीपुढचा प्रत्येक गृहस्थ काकाच असतो. आणि खरं सांगायचं तर हा माणूस तुम्हीही पाहिलेला आहे. पुण्यात तो टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतो आणि पिशवीवरूनच बटणं दाबतो. त्याच्या सोफ्यावर कव्हर असतं, कव्हरवर चादर असते. पाहुणे येणार म्हणून चादर निघते आणि पाहुणे बसायच्या आत पुन्हा येते. डोंबिवलीत तो रविवारी सकाळी स्कूटर तिरकी करून तिच्या पोटाखाली हात घालतो आणि तासाभराने काळा हात बाहेर काढून समाधानाने बघतो. अमेरिकेत आला की स्कूटरची आरव्ही होते, एवढंच.

आमच्या काकांना शास्त्राची जोड आहे, त्यामुळे प्रकरण जरा वाढलं. माटुंग्याच्या यूडीसीटीत शिकून ते इकडे आले आणि उभी हयात रिफायनरीत गंज शोधण्यात घालवली. कुठला पाइप कुठे सडेल, का सडेल, सडायच्या आधी बाहेरून काय दिसेल, हे ओळखण्याचा त्यांना पगार होता. पगार थांबला, सवय थांबली नाही. म्हणून आरव्हीवर डाग दिसला की काका त्याला डाग म्हणत नाहीत. "डाग नाही तो, लक्षण आहे," असं म्हणून ते चष्मा कपाळावर सारतात आणि नाक गाडीला टेकेल इतके जवळ जातात.

आता आरव्हीच्या अंगावरचे काळे ओघळ ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना काकांचं दुःख समजायचं नाही. मोटारीला हा रोग नसतो. आरव्हीचं छप्पर पुष्कळदा रबराचं असतं, ईपीडीएम नावाच्या. उन्हाने त्या रबराचा वरचा थर हळूहळू भुकटी होऊन सुटत राहतो. तो त्याचा धर्मच आहे. त्या भुकटीत रस्त्याची धूळ मिसळते, झाडांचा पाला कुजतो, ह्यूस्टनच्या दमट हवेत बुरशी धरते. मग पहाटे दव पडलं किंवा चार थेंब पाऊस झाला की हा सगळा काला छपराच्या कडेने खाली येतो. जोराचा पाऊस बरा, तो धुऊन तरी नेतो. चार थेंब वाईट. चार थेंब फक्त आणून सोडतात. खिडक्यांचे कोपरे, दिव्यांच्या कडा, पन्हळीची टोकं, जिथे जिथे पाणी क्षणभर थबकतं तिथून काळी रेघ निघते आणि पांढऱ्या फायबरग्लासवरून खालपर्यंत जाते. दोन-चार आठवडे उन्हात भाजली की साबणाला दाद देत नाही.

लोक ओघळ पुसतात आणि दुसऱ्या महिन्यात पुन्हा पुसतात. काका छपरावर चढतात. छप्पर धुतल्याशिवाय भिंत धुणाऱ्या माणसाबद्दल त्यांना जे वाटतं ते इथे छापता येणार नाही. त्यांनी पन्हळीच्या चारही टोकांना प्लॅस्टिकच्या लांब चोची बसवल्या आहेत, म्हणजे पाणी भिंतीवरून न उतरता लांब पडावं. पहिल्या पावसात काका छत्री घेऊन या चोचींखाली उभे होते. पाणी नक्की कुठे पडतं ते बघत होते. छत्री स्वतःवर नव्हती. पाण्याची धार नीट दिसावी म्हणून बाजूला धरली होती.

पुसण्याची त्यांची एक संहिता आहे. पहिलं कलम : आधी डागाचं गोत्र विचारायचं. कडक पाण्याचे पांढरे ठिपके हे खनिज गोत्र, त्याला पाणी घातलेलं व्हिनेगर. डांबराचे शिंतोडे तेलकट गोत्र, त्याला डांबर काढायचं द्रावण. पण तेच द्रावण रबराच्या छपराला लागलं तर रबर फुगतं, म्हणून ती बाटली शिडीच्या पहिल्या पायरीच्या वर न्यायची नाही. पाइनच्या झाडाचा चीक म्हणजे अल्कोहोल, तेही चोळायचं नाही, कापूस भिजवून ठेवायचा आणि गप्प बसायचं. किडे, पक्षी, बुरशी ही मंडळी जैविक. किडे मेल्यावर आम्लधर्मी होतात, त्यामुळे त्यांना व्हिनेगर लावायचं नाही. "सगोत्र होतं," काका म्हणतात. हा विनोद त्यांनी केला तेव्हा मी हसलो होतो. आता नुसती मान हलवतो.

दुसरं कलम : साबण खालून वर, पाणी वरून खाली. कोरड्या भिंतीवर वरून साबण लावला तर त्याचे मळके ओघळ खाली जाऊन वाळतात आणि नव्या रेघा पडतात. खालची भिंत आधीच ओली असली की ओघळ धरत नाही. कारण साधं आहे, पण काका ते असं सांगतात की ऐकणाऱ्याला आपण आजवर आंघोळसुद्धा उलटी केली असं वाटावं. तिसरं कलम : ऊन अंगावर असताना हात लावायचा नाही. टेक्सासमध्ये या एका कलमामुळे वर्षातले बरेच महिने पहाटे साडेपाचला उठावं लागतं. चौथं कलम : बादल्या दोन. एकीत साबण, दुसरीत नुसतं पाणी. ब्रश आधी पाण्यात खंगाळायचा, मग साबणात. दोन्ही बादल्यांवर मराठीत लिहिलंय, 'साबण' आणि 'पाप'.

आणि सगळ्या कलमांच्या वर त्यांचं आवडतं वाक्य : "आधी कोपऱ्यात करून बघ." नवं औषध आणलं की मागच्या चाकाच्या वर, कुणाला दिसणार नाही अशा बोटभर जागेवर लावायचं, थांबायचं, उन्हात बघायचं, सावलीत बघायचं आणि मगच पुढे जायचं. सल्ला गाडीपुरता उत्तमच आहे. पण काकांनी तो आयुष्याला लावला. काकूंनी आमटीत नवा मसाला घालायचा म्हटलं की, "आधी वाटीभर आमटीत करून बघ." मंडळाच्या गणपतीत नवा ध्वनिक्षेपक आला तेव्हा, "आधी आरतीत नको, कोपऱ्यात करून बघा." धाकटीने लग्न ठरवल्याचं सांगितलं तेव्हा काका गंभीर झाले, खुर्चीत पुढे सरकले, आणि ते काय म्हणणार हे ओळखून काकूंनी त्यांना आत बोलावलं.

या घरात 'इरेझर' हा शब्द अजून उच्चारत नाहीत. बाजारात या नावाचा एक पांढरा स्पंज मिळतो. भिंतीवर मुलांनी काढलेल्या पेन्सिलीच्या रेघा त्याने झटक्यात जातात. तो मेलामाइनच्या फेसाचा असतो. दिसायला मऊ, पण कामाला अतिशय बारीक पॉलिशपेपर. काका दातांच्या डॉक्टरकडे गेले असताना काकूंनी दाराशेजारचा एक जुना काळा ओघळ या स्पंजने पुसला. एका मिनिटात गेला. काका त्याच्याशी हिवाळाभर झगडत होते. काकूंना वाटलं, खूश होतील.

काका आले. अर्ध्या जबड्याला भूल होती, त्यामुळे पहिली काही मिनिटं नीट बोलता आलं नाही, हे एक बरं झालं. त्यांनी टॉर्च आणला. भिंतीला गाल लावून, टॉर्च तिरका धरून त्यांनी आम्हाला दाखवलं. तळहाताएवढ्या जागेतली जेलकोटची चकाकी गेली होती. जेलकोट म्हणजे फायबरग्लासवरचा वरचा गुळगुळीत थर, होड्यांवर असतो तोच. मला काही दिसलं नाही. काकूंना काही दिसलं नाही. पोस्टमनलाही दाखवलं, तोही सज्जनपणे "ओह" म्हणाला. पण काकांना दिसत होतं आणि आजही दिसतं. घरी नवा पाहुणा आला, चहा झाला, की टॉर्च निघतोच. "इथून बघा. नाही, असं खाली वाका. आता दिसलं?" पाहुणे "हो" म्हणायला शिकले आहेत. काका त्यावर म्हणतात, "हिने केलं," आणि लगेच पुढे, "पण मनाने चांगली आहे."

काकूंची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांच्या स्वयंपाकघरातून व्हिनेगर जातं, मक्याचं पीठ जातं, दात घासायचे जुने ब्रश जातात आणि कपडे सुकवण्याच्या यंत्रात टाकायचे सुगंधी कागद तर खोक्यानिशी जातात. "मला आंघोळीला दोन मिनिटं जास्त लागली तर दाराबाहेर खाकरतात," त्या म्हणतात, "आणि हत्तीच्या पाण्याला मीटर नाही."

सुगंधी कागदांचं कारण लव्हबग. हे प्रकरण मेक्सिकोच्या आखाताकाठच्या लोकांनाच माहीत. काळे, छोटे, मानेवर लाल ठिपका असलेले हे किडे मे आणि सप्टेंबरमध्ये ढगाने उठतात. नर-मादी एकमेकांना चिकटूनच उडतात, म्हणून हे नाव. त्यांना हायवेची उष्णता आणि गाड्यांचा धूर भारी प्रिय, त्यामुळे ते नेमके ताशी सत्तर मैलांच्या वाटेत तरंगत असतात. आरव्हीचं तोंड म्हणजे सपाट भिंत. तासाभराच्या प्रवासात वरच्या माळ्याच्या कपाळावर त्यांचा काळा गिलावा बसतो. दिवसभर उन्हात राहिला तर त्यातलं आम्ल रंगात उतरतं. फ्लोरिडाच्या विद्यापीठात डास मारायला हा किडा तयार केला अशी एक भाकडकथा इथे फार चालते. कुणी ती सांगितली की काका थांबवतात. "खोटं. त्याचं शास्त्रीय वर्णन झालं 1940 मध्ये, आणि नमुने आपल्या गॅल्व्हेस्टनचे होते." 'आपल्या' या शब्दावर जोर असतो. किडा कितीही नीच असला तरी श्रेय फ्लोरिडाला जाता कामा नये.

हे किडे काढायचे तर आधी ओलं फडकं कपाळावर पसरून ठेवायचं, नरम होऊ द्यायचं, मग तो सुगंधी कागद ओला करून हलक्या हाताने गोल फिरवायचा. काका हे पेट्रोल पंपावर करतात. लोक पेट्रोल भरतात, काका शिडी लावतात. एकदा त्यांच्यामागे ट्रकवाला अडकला होता. त्याने भोंगा वाजवला, मग उतरला, काय चाललंय ते बघितलं, आणि थोड्या वेळाने दोघंही शिडीच्या दोन बाजूंना उभं राहून त्या कागदाबद्दल बोलत होते. ट्रकवाल्याने जाताना एक मागून नेला. असे मित्र काकांना जगभर आहेत. नावं माहीत नसतात, गाडीचा पत्रा माहीत असतो.

पक्ष्यांचा विषय थोडक्यात सांगतो, कारण काका तो थोडक्यात सांगत नाहीत. ह्यूस्टनमध्ये संध्याकाळी किराणा दुकानांच्या पार्किंगमधल्या झाडांवर ग्रॅकल नावाचे काळे लांबशेपटे पक्षी हजारोंनी उतरतात आणि दार न लागणाऱ्या कपाटासारखे करकरतात. काका भाजीला दुपारी जातात.

शेजारी पॅटने एकदा आपण होऊन प्रेशर वॉशर आणून दिला. भलं केलं बिचाऱ्याने. काकांनी हसून "थँक यू सो मच" म्हणत तो घेतला, गॅरेजमध्ये नेऊन कोंडला आणि दोन दिवसांनी परत केला. पुसून. त्या जोराच्या धारेने खिडक्यांच्या कडेचं सीलंट उखडतं, पट्ट्यांचे स्टिकर सुटतात आणि पाणी भिंतीच्या आत जातं, हे पॅटला सांगायचं कसं, म्हणून खोटं बोलले. नंतर पॅटने "कसं काय झालं?" विचारलं, तर काका म्हणाले, "व्हेरी पॉवरफुल." हे मात्र खरं होतं.

आता तुम्ही म्हणाल, गाडी दारात आहे, वेळ आहे, धुवा की आरामात. इथेच ग्यानबाची मेख आहे. इथल्या बंगल्यांच्या वसाहतींना एचओए म्हणजे आपली सोसायटी असते, आणि नियमांच्या बाबतीत ती पुण्याच्या सोसायटीला चहा पाजेल. काकांच्या वसाहतीत आरव्ही दारात 48 तासांहून जास्त उभी करता येत नाही. तीही सामान भरण्या-उतरवण्यापुरती. एरवी तिने गावाबाहेरच्या भाड्याच्या आवारात राहायचं. म्हणून काकांच्या धुलाईला लग्नाच्या मुहूर्ताची घाई असते. शुक्रवारी संध्याकाळी हत्ती येतो, रविवारी संध्याकाळी जातो. दरम्यान काका कपाळाला खाणकामगारासारखा दिवा बांधून रात्रीसुद्धा शिडीवर असतात. 'धुणे' हे 'सामान उतरवणे' या सदरात बसतं का, असं सोसायटीने पत्राने विचारलं होतं. काकांनी उत्तर दिलं, की ते सामानच उतरवत आहेत. सामान म्हणजे न्यू मेक्सिकोची माती. सोसायटीकडून उलट टपाल आलं नाही. शनिवारी सकाळी शिडी धरायला अस्मादिक असतात. आरामात धरलेली शिडी काकांना चालत नाही. वरून पृच्छा होते, "तुझं लक्ष कुठाय?"

खंडेनवमीला या गाडीची पूजा होते, आणि ती बघण्यासारखी असते. काकूंना गाडीच्या कपाळावर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक हवं. पांढऱ्या जेलकोटवर हळद! पहिल्या वर्षी घरात अबोला झाला. दुसऱ्या वर्षी काकांनी तोडगा काढला. अन्न झाकायच्या पारदर्शक प्लॅस्टिकचा चौकोन बॉनेटवर ताणून बसवायचा आणि स्वस्तिक त्याच्यावर काढायचं. भटजी व्हिडिओ कॉलवर होते, त्यांना फरक कळला नाही. झेंडूच्या हाराखाली पंचा असतो, पाकळ्यांचा रंग उतरू नये म्हणून. नारळ गाडीपासून पंधरा पावलांवर, वाऱ्याची दिशा बघून फुटतो. लिंबांचा प्रश्न वेगळा. मागच्या आसाला जोडचाकं असल्यामुळे टायर सहा. काकू म्हणतात लिंबं चार, कारण चाकाच्या जागा चार. काका म्हणतात सहा, कारण भार सहांवर. लिंबं सहा ठेवतात, पण काकू हळूच आतल्या दोन काढून सरबताला घेतात. "लिंबाचा रस टायरला बरा नव्हे," असं नंतर काकाच म्हणाले, तेव्हा हा वाद मुळात का झाला असावा ते मला कळेना.

"हळद उन्हात आपोआप उडते," असं काकू पहिल्यापासून सांगत होत्या. उडते, खरंच. हळदीतला रंग उजेडाने फिका पडतो. काकांना रसायनशास्त्राने ते ठाऊक होतं, पण काकूंना लोणच्याच्या डागांवरून ठाऊक होतं. काकांना ही दुसरी वाट मान्य करायला काही वर्षं लागली.

तरी ही माणसं फिरत नाहीत असं समजू नका. फिरतात. अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही जिथे बनतात त्या इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टला जाऊन आली. तिथे आरव्हींचं संग्रहालय आहे, त्यात 1913 सालचा एक प्रवासी ट्रेलर उभा आहे. काका दोरीच्या अलीकडून वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "शंभर वर्षं होऊन गेली, एक ओघळ नाही." काकू म्हणाल्या, "छपराखाली ठेवलाय." घरी परतल्यावर काकांनी गावाबाहेरच्या आवारात छप्पर असलेली जागा किती पैशांना पडते याची चौकशी केली.

प्रवासातनं आल्यावर काकांना ठिकाणांबद्दल विचारावं आणि ऐकावं. त्यांचा भूगोल पार वेगळा आहे. "यलोस्टोन कसं वाटलं?" "सिलिका!" गरम झऱ्यांचा फवारा वाऱ्याने आला आणि काचेवर वाळला की त्यातल्या सिलिकाचे डाग बसतात. चष्म्यालासुद्धा सोडत नाही, म्हणून काकांनी चष्मा काढून ठेवला. ओल्ड फेथफुल त्यांनी अंधुक पाहिला. मोआब म्हणजे लाल, लोखंडाची लाल, दारांच्या रबरात बसते आणि वर्षभर निघत राहते. व्हाइट सँड्सची धूळ मात्र सज्जन. "जिप्सम रे. मोहच्या मापावर कठीणपणा 2. बोटाने झटक, जाते. साधी वाळू 7. वाळू असली की आधी भरपूर पाणी, मग हात. नाहीतर तूच ओरखडे काढतोस आणि शिव्या वाळूला." अलास्काला जाऊन आलेल्या एका मित्राची गाडी बघायला ते तीन तास मोटार हाकत गेले होते. तिकडे खडीच्या रस्त्यांवर धूळ बसावी म्हणून कॅल्शियम क्लोराइड टाकतात, आणि तो चिखल गाडीखाली सिमेंटसारखा धरतो. अलास्काचे फोटो मित्राने दाखवले नाहीत, कारण काका गाडीखालून बाहेरच आले नाहीत.

मला आधी या सगळ्याची गंमत वाटायची, मग कंटाळा आला. आता वाटतं, आमच्यापैकी बाकी सगळे फोनमध्ये हजार फोटो भरून आणतात आणि पुन्हा उघडून बघत नाहीत. काकांनी ग्रँड कॅन्यनची माती निदान हाताने उतरवलेली असते.

फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सास गोठलं तेव्हा हत्ती दारात होता. थंडी येणार म्हणून पाइपातलं पाणी काढायला काकांनी तो आणला होता. वीज गेली ती लवकर येईना. घरं आतून गार पडली, नळ थिजले. आरव्हीत स्वतःचा जनरेटर, गॅसची शेगडी, गॅसवरचा हीटर. काकांनी दार उघडलं आणि गल्लीतल्या ज्याला हवं त्याला आत घेतलं. आमच्यातली दोन कुटुंबं, पॅट, त्याची म्हातारी आई, एक तान्हं बाळ आणि सोसायटीचे ते पत्र लिहिणारे गृहस्थ. एरवी या गाडीत चप्पल काढून, पाय पुसून आणि शक्यतो न जाताच जायचं असतं. त्या दिवसांत लोक बर्फाचे बूट घालून आले, काकूंची खिचडी खाल्ली, फोन चार्ज केले, काचेवर मुलांनी वाफेत चित्रं काढली. काका एका शब्दाने बोलले नाहीत. 48 तास केव्हाच उलटून गेले होते. पत्रवाले गृहस्थ त्याबद्दल बोलले नाहीत, ते खिचडी दुसऱ्यांदा वाढून घेत होते.

दाराबाहेर, हँडलच्या खाली, एका पोराचा पिवळा पंजा उमटला होता. खिचडीचा. तो काकांनी ठेवला का? छे. ऊन पडलं त्या पहिल्या सकाळी पुसला. हळद आणि तूप अशी दोन गोत्रं होती, म्हणून आधी साबण, मग ऊन. पोराच्या आईला फोन करून डाग गेल्याचं कळवलं, आणि पोर बरं आहे ना हेही विचारलं. याच क्रमाने.

आता मुद्द्याचं. धुऊन झाल्यावर गाडी टिपायला काकांना मायक्रोफायबर चालत नाही. त्याच्या तंतूंत वाळूचा कण अडकला की तो सोडत नाही, असं त्यांचं निरीक्षण आहे. त्यांना हवं असतं जुनं, धुऊन धुऊन विरलेलं सुती धोतर. वडिलांचं होतं ते संपलं, सासऱ्यांचंही संपलं. तेव्हा येत्या हिवाळ्यात तुमच्यापैकी कुणी ह्यूस्टनला येणार असाल तर भाजणी, पापड, चकल्या आणू नका, ते सगळं इथे मिळतं. धोतर आणा. नवं नको, नवं पाणी टिपत नाही. आणि येण्याआधी काठ कापून टाका. जरीने ओरखडे पडतात.